एक नंबरचे व्हॉल्व्ह

वहिनी मला एवढंच म्हणाली होती, "भाऊजी, या खेपेला व्हॉल्व्ह एक नंबरच टाका हं." आणि मी अतिशहाणा! आमच्या गॅरेजात 'एक नंबर' म्हणजे मूळ मापापेक्षा एक पायरी मोठा. मोठा व्हॉल्व्ह, जास्त हवा, जास्त ताकद. वहिनी रेसमध्ये गाडी पळवते, तिला जोर हवा असणार. त्यात विचारायचं काय?

सकाळीच इंजिनचं हेड, म्हणजे त्याचं वरचं झाकण, खांद्यावर टाकून मायक्रॉन मावशीकडे गेलो. तिच्या मशीन शॉपमध्ये येणाऱ्यांनीच तिचं हे नाव पाडलंय. बाई चहाचा कपसुद्धा मोजून उचलेल.

"व्हॉल्व्ह कुठायत?" तिने विचारलं.

"आणतो हो दुपारी. तुम्ही तोवर सीटा एक नंबरला कापून ठेवा."

सीट म्हणजे हेडमधलं ते कडं, ज्यावर व्हॉल्व्ह बसतो. एकदा कापलं की कापलं.

"आधी व्हॉल्व्ह आण."

झालं, माझं डोकं फिरलं. "मावशी, मी काय काल जन्मलोय? रविवारी गाडी ट्रॅकवर न्यायचीय. सांगतोय ना, कापा!"

ती चष्मा पुसत राहिली. मी तावातावाने बाहेर पडलो.

दुकानदाराने काउंटरवर दोन डबे ठेवले. आमच्या बजेटात मोठ्या मापाचे मिळत होते, पण दांडी वेगळी, डोकं वेगळं, मध्ये जोड. तेवढ्याच पैशांत अखंड पोलादाचे होते, पण मूळ मापाचे. मी जोडवाला उचलला आणि त्यावरून नख फिरवलं. नख अडकलं.

गेल्या वर्षी आमचा व्हॉल्व्ह नेमका या जोडावरच तुटला होता. डोकं पिस्टनवर पडलं, इंजिन जागच्या जागी जाम झालं आणि मागून येणारी गाडी वहिनीच्या गाडीला चाटून गेली. ती हसत उतरली. दादा मात्र त्या दिवसापासून ट्रॅकवर फिरकलेला नाही. दुसरं हेड शोधायला भंगारवाल्यांकडे माझ्यासोबत तीन महिने हिंडला, कारण गाडीचं हे मॉडेल केव्हाच बंद झालंय. एकच मिळालं. पण रेसचं नाव काढलं की उठून जातो.

मी वहिनीला फोन लावला. "एक नंबर जोडवालाच बसतोय बजेटात. चालेल?"

"जोडवाला? मग तो एक नंबर कसा?"

"अहो, मोठा म्हणजे."

"मोठा कुणी मागितला? एक नंबर म्हणजे चांगला, भाऊजी! न तुटणारा. जिंकायचं नंतर बघू, मला आधी घरी यायचंय."

मी फोन तसाच ठेवून दिला. तिकडे हेड कापलं जात असणार! मावशीला फोन केला, उचलेना. पुन्हा केला, तेच. अखंड व्हॉल्व्हचा डबा घेऊन स्कूटर दामटली. गल्लीच्या तोंडाशीच कटरचा आवाज ऐकू आला आणि स्कूटर तिथेच टाकून धावत सुटलो.

आत मावशी कटरवर वाकलेली होती.

"मावशी, थांबा! कापलंत?"

तिने मशीन बंद केलं. मशीनवर दुसऱ्याच कुणाचं तरी हेड होतं. आमचं फळीवर, जुन्या चादरीत गुंडाळलेलं.

"व्हॉल्व्ह हातात नसताना कापू? शब्दाला मायक्रोमीटर लावून मोजता येत नाही रे बाबा."

मी तेलाच्या पिंपावर मटकन बसलो. डोळ्यांत पाणी आलं, लपवायचं कशाला? सकाळी हिच्यावरच ओरडलो होतो. "मावशी, चुकलो," म्हटलं. "दे इकडे," म्हणून तिने डबा घेतला आणि आठही व्हॉल्व्ह एकेक करून मोजले.

"मूळ मापाचेच आहेत, सीटा कापायची गरजच नाही. नुसतं घासून बसवते. उद्या घेऊन जा."

तेवढ्यात वहिनीचा फोन आला. "अहो, मध्येच फोन का ठेवलात? कोणते घेतले शेवटी?"

"एक नंबर."

"भाऊजी!"

"तुमचा एक नंबर हो. घरी आणणारा."

ती ते कुणाला तरी मोठ्याने सांगताना ऐकू आलं. मग मागून दादाचा आवाज आला, "त्याला सांग, रविवारी ट्रॅकवर जाताना गाडीत माझ्यासाठीही जागा ठेव म्हणावं."