फातिहेत न घेतलेलं नाव

नेरूळच्या फ्लॅटमध्ये दर जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी, अख्तरुन्निसा शिऱ्याची बशी पुढ्यात ठेवून मुलाला, मकबूलला, फातिहा वाचायला बसवायची. घरातल्या सगळ्या गेलेल्यांची नावं घेतली जात, एक सोडून. तिचे वडील दाऊद, ती पोटात असताना आपल्या गावच्या, मोऱ्याच्या, धक्क्यावरून निघाले, मुंबईहून आगबोटीवर खलाशी म्हणून विलायतेला गेले. ग्लासगोहून एक पत्र आलं, पण ते परतलेच नाहीत. मेल्याची खबर नाही, मग जित्या माणसाची फातिहा वाचायची कशी? गावानं मात्र निकाल कधीच लावला होता: दाऊदनं तिकडे गोरी बायको केली. अख्तरुन्निसाच्या आईनं ते ऐकतच हयात काढली. आता स्वतः नव्वदीला टेकलेल्या अख्तरुन्निसाला एकच आस होती, डोळे मिटायच्या आत बापाचं खरं काय ते कळावं.

मकबूलचा जन्मही जहाजावरच्या नोकरीत गेला. बोट ग्लासगोला लागली की तो नानाला, आईच्या बापाला, शोधायचा, पण कुठे? लग्नांच्या नोंदींत! गावाचं बोलणं त्याच्याही डोक्यात घर करून बसलेलं. खैरात खाल्ली तर नाक कापलं गेलं असं मानणारं दर्यावर्दी घराणं. निराधारांना ठेवतात त्या गरीबखान्यात डोकवावं हे त्यांना सुचणार कसं?

सुचलं ते अख्तरुन्निसाच्या सुनेला, मकबूलच्या बायकोला. बुशरा शाळेत इतिहास शिकवायची. तिकडे मदत मागायला आलेल्या गरिबांचे जुने अर्ज अजून जपून ठेवलेत, असं तिनं कुठेतरी वाचलं आणि ग्लासगोच्या दफ्तरखान्याला पत्र टाकलं. उत्तर येईना, तरी बाई लिहीत राहिली. शेवटी शहाण्णव साली, नेमक्या जुमेरातीला, अर्जाची झेरॉक्स आली.

मकबूलनं अर्जाच्या डोक्यावर नंतर मारलेला शेरा वाचला आणि त्याचं तोंड उतरलं.

"गरीबखान्यात वारले, क्षयानं. अम्मीला नको सांगूस."

"अहो, पुढचं वाचा तरी."

पुढचं वाचून तो थक्क झाला. परक्या मुलुखातला, खोकून बेजार झालेला एक खलाशी. पण कुणा कारकुनानं त्याचं गाव, आईबाप, बोट, सगळं विचारून नीट लिहून ठेवलं होतं. आपल्याकडे धडधाकट माणसाला रेशनकार्डावर नाव चढवायला चपला झिजवाव्या लागतात! मकबूलला त्या कारकुनाला सलाम ठोकावासा वाटला. आपल्या बायकोलाही ठोकावासा वाटला, पण तशी घरात रीत नव्हती.

अख्तरुन्निसा गॅलरीत बसली होती. बुशरानं जवळ बसून सगळं सांगितलं.

"गरीबखान्यात?" म्हातारीनं विचारलं. "म्हंजे गोरी बायको नव्हती?"

"नाही अम्मी. बायको एकच, मोऱ्याला, असं लिहिलंय. आणि मुलगी एक, अख्तरुन्निसा. घरच्या पत्रातून कळली, अजून पाहिली नाही."

"माजं नाव? त्यानी सांगितलं?"

बुशरानं तिचं बोट धरून त्या नावावर ठेवलं. अख्तरुन्निसाला इंग्रजी येत नव्हतं, तरी ती त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिली. मग मोठ्यानं रडली.

"आयेला कळाया पायजे होतं गो," ती म्हणाली.

जरा वेळानं तिनं ओढणीनं डोळे पुसले.

"मकबूल, आज त्याचं नाव घे. आनी बुशरा, शिऱ्यात तूप जास्ती घाल. माजा बाप पयल्यांदा घरी जेवाया येतोय."