चार लाखांची कुजबुज

बहिणीने घर घेतलं तर भावाला दोन टक्के मिळणार होते. विकणाऱ्याकडूनही दोन टक्के, म्हणजे भावाची माया दोन्ही काठांनी भरून वाहणारी. अडतीस लाखांना जमलं तर दोन्हीकडचे मिळून एक लाख बावन्न हजार. त्यावर चढेल तेवढा भाव चांगला. आणि बहीण होती तिथेच राहिली तर एक कप चहा, तोही बिनसाखरेचा, कारण त्याला साखर झाल्याचं तिनेच शोधून काढलं होतं. अशा माणसाने आशावादी असू नये तर काय करावं? घरांच्या बाजारात त्याला 'दोन टक्के' म्हणून हाक मारत आणि तो लगेच ओ देत असे.

बहिणीचा नवरा पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात फोरमन होता. चोवीस वर्षं त्याने प्रेसच्या धडधडाटात काढली आणि उरलेला वेळ कारखान्याच्या मागच्या भिंतीला चिकटून असलेल्या दोन खोल्यांत. त्या चाळवजा रांगेत सगळेच कारखान्यातले. तिथे माणूस जन्मला की पहिल्या दिवसापासून ओरडून बोले आणि त्याला कोणी ओरडणं म्हणत नसे. फोरमनने जेवताना मीठ मागितलं की कधीकधी शेजारीणच घेऊन येई. नवराबायकोचं भांडण झालं तर भिंतीपलीकडून निवाडा मिळे. सगळेच मोठ्याने बोलत, त्यामुळे कोणाचंच काही चव्हाट्यावर येत नसे. कुजबुज मात्र तिथे कोणी शिकलंच नव्हतं.

फोरमनची बायको शिवणकाम करायची. खिडकीपाशी मशीन, बाजूला कापडांचे गठ्ठे, गळ्यात टेप. मशीनचा आवाज त्या गोंगाटात तिचा तिलाही ऐकू यायचा नाही. सुई चालतेय की नाही हे ती बोटांनी ओळखायची.

मग कानाच्या डॉक्टरांनी फोरमनला तपासलं. उजवा कान निम्मा गेलेला, डावा त्याहून जास्त. "नोकरी सोडता येत नसेल तर निदान घर शांत जागी घ्या," डॉक्टर म्हणाले आणि फी घेतली. शांत जागा कुठून आणायची, हे त्या फीमध्ये बसत नव्हतं.

बायकोने हिशेब मांडला. जुन्या खोल्या विकून येतील ते, फोरमनची साठवण आणि झेपेल तेवढं कर्ज मिळून अडतीस लाख. टक्क्यांचे आणि कागदपत्रांचे वेगळे काढलेले. त्याशिवाय आणखी चार लाख होते, पण ते हिशेबात नव्हते. ते तिचे होते. अकरा वर्षं लोकांच्या पॅंटी आखूड करून, चेन बदलून, उसवलेलं शिवून साठवलेले. बाजाराच्या कोपऱ्यावर दहा बाय आठचा एक गाळा होता. मालक महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार होता. अनामत बरोबर चार लाख.

"अडतीसपर्यंत काय ते घर बघा," ती नवऱ्याला म्हणाली. "गाळ्याच्या पैशांकडे बघायचंसुद्धा नाही."

"बघतोय कोण?" फोरमन म्हणाला. ते शेजारणीनेही ऐकलं आणि ती साक्षीला राहिली.

दर सुटीच्या दिवशी दोन टक्के त्यांना गावाबाहेरच्या वस्त्या दाखवू लागला. त्याची भाषा स्वतंत्र होती. 'निसर्गाच्या सान्निध्यात' म्हणजे गटार उघडं. 'झपाट्याने वाढणारा परिसर' म्हणजे रस्ता खणलेला. 'शांत' म्हणजे बस येत नाही. 'अतिशय शांत' म्हणजे रिक्षावालाही येत नाही.

पहिली वस्ती अतिशय शांत होती. छत्तीस घरं, त्यातल्या चार घरांत माणसं.

"बाकीचे कुठे गेले?" बहिणीने विचारलं.

"येतायत, ताई. पाणी आलं की येतायत."

दुसरी वस्ती फोरमनला भारी आवडली. रुंद रस्ते, झाडं, चिटपाखरू नाही. तो मधोमध उभा राहून ओरडला, "बघ, काहीच ऐकू येत नाही!" बायकोने मात्र खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवलं. बोट पांढरं झालं. समोरच्या झाडाची पानंही पीठ लावल्यासारखी.

"हे काय रे?"

"हवा कोरडी आहे इकडची."

"हवा कोरडी, का टेकडीमागे खडी फोडतात आणि आज त्यांची सुटी?"

दोन टक्के खाली बघून बुटाची लेस बांधू लागला. त्याच्या बुटाला लेस नव्हती.

अशी बाई. तिला कोणी फसवेल, अशी पैज कोणीही लावली नसती. तिसऱ्या वस्तीत ती तीन वेळा एकटी जाऊन आली. एकदा सकाळी, एकदा दुपारी, एकदा कामाच्या दिवशी संध्याकाळी. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे नळाची वेळ विचारली, पोस्टमनकडे शेजाऱ्यांची चौकशी केली. वस्ती खरंच शांत होती. लोक निवृत्त, मवाळ, झाडांना पाणी घालणारे. सगळं तिने तपासलं. त्या शांततेत आपण कसे ऐकू येऊ, एवढं मात्र कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

घर एका निवृत्त ग्रंथपालबाईंचं होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे छोटं परस. बाई आता आपल्या बहिणीकडे राहायला जाणार होत्या. त्या इतक्या हळू बोलायच्या की फोरमनला त्यांचे ओठच हललेले दिसत.

"काय म्हणतायत?" त्याने बायकोला विचारलं. समोरच्या घरातली मांजर उठून आत गेली.

"बेचाळीस म्हणतायत."

"बेचाळीस!" फोरमनने कपाळाला हात लावला. "अहो बाई, आमची ऐपत बघा!"

ग्रंथपालबाई हसल्या. "विचार करा. परसात जाऊन बोला हवं तर. मी दार लावून घेते, म्हणजे तुम्हाला अवघडायला नको."

तिघं परसात गेली. दार लागलं. फोरमनने इकडेतिकडे पाहिलं, दोघांना जवळ ओढलं, तोंडाला आडवा हात धरला आणि गुपित बोलायच्या बेताने तो कुजबुजला. तीन घरांपलीकडे एक गृहस्थ कुंड्यांना पाणी घालत होते, त्यांचा हात थांबला.

"हे बघ, अडतीसच सांगायचे. म्हणायचं, जवळ एक छदामही जास्त नाही."

"अहो, हळू!"

"हळूच बोलतोय! आणि अगदीच अडून बसली म्हातारी, तर तुझे गाळ्याचे चार आहेतच. पण हे तिला कळता कामा नये!"

"त्याला हात लावायचा नाही म्हटलं ना? अकरा वर्षं उसवणी शिवलीय मी!" तिची कुजबुजही त्याच रांगेत वाढलेली होती.

"अगं, माझे कान चाललेत आणि तू गाळा गाळा करतेस!"

"भाऊजींचं खरं आहे, ताई," दोन टक्के म्हणाला. तो एकटाच खऱ्या अर्थाने हळू बोलला, कारण त्याचा धंदाच तो होता. चार लाख वर गेले तर दोन्ही बाजूंचे आठ-आठ हजार, हे गणित त्याने वाक्य संपायच्या आत करून टाकलं होतं. "गाळे काय, छप्पन्न मिळतील."

तेवढ्यात कुंडीवाले गृहस्थ कुंपणाशी आले. अगदी सौम्यपणे म्हणाले, "माफ करा, मध्ये बोलतोय. पण वहिनी, द्या हो चार. माणसाच्या कानापेक्षा गाळा मोठा का?"

पलीकडच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाईंनी मान डोलावली. "आमच्या ह्यांचेही गेले होते कान," त्या म्हणाल्या. "नंतर पैशाला काय चाटायचंय?"

शिवणाऱ्या बाईच्या तेव्हा लक्षात आलं. तिने दाराकडे पाहिलं. दार पातळ होतं, पण जाड असतं तरी फरक पडला नसता.

आत ग्रंथपालबाईंनी पाण्याचे तीन पेले भरून ठेवले होते.

"अडतीस," फोरमन ठामपणे म्हणाला. "जवळ छदामही जास्त नाही."

"बेचाळीस," बाई म्हणाल्या. मग शिवणाऱ्या बाईकडे वळून, जरा ओशाळून, "बत्तीस वर्षं वाचनालयात काढली हो मी. शेवटच्या टेबलावरची कुजबुज कळायची मला. आणि ह्यांची तर…"

"काय म्हणतायत?" फोरमनने विचारलं.

बायकोला नाही म्हणता आलं असतं. पण नाही म्हणून बाहेर पडायचं म्हणजे अख्ख्या गल्लीतून चालत जायचं होतं, आणि गल्लीला आता ठाऊक होतं की नवऱ्याचे कान वाचवायला हिच्याकडे चार लाख आहेत आणि ही ते दुकानासाठी दाबून बसलीय. नवरा समोर उभा होता. कानामागे हात धरून, उत्तर ऐकायला पुढे झुकलेला. तो हात पाहून तिने गळ्यातला टेप काढला, गुंडाळला आणि पिशवीत टाकला.

"घ्या," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा इतकं हळू, की नवऱ्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं.

किल्ल्या देताना ग्रंथपालबाई तिला बाजूला घेऊन म्हणाल्या, "खोटं कशाला बोलू? परसात गेला नसतात, तर अडतीसला मी हो म्हटलं असतं. पण ऐकलं ते न ऐकल्यासारखं कसं करू? मलाही म्हातारपण काढायचंय." प्रामाणिक बाई. रक्कम मोजून घेऊन त्या आपल्या बहिणीकडे गेल्या.

दोन टक्क्यानेही आपले घेतले. त्याची बहीण म्हणाली, "बेचाळीसावर लावतोस? माझ्याकडून निदान अडतीसावर घे."

"ताई, तुला सूट दिली तर बाकीच्या गिऱ्हाइकांना काय तोंड दाखवू?"

"त्यांना कोण सांगणारेय?"

"भाऊजी," तो म्हणाला. वरचे आठ हजार तिने आपलं दुसरं, जादाचं शिलाई मशीन विकून दिले.

आता चार महिने झाले. घर छान आहे. शांतता इतकी, की पहिल्याच आठवड्यात फोरमनला कानात एक शिट्टी ऐकू येऊ लागली. बारीक, सलग, कुकरची नव्हे अशी. तो पुन्हा डॉक्टरांकडे गेला. "ती आधीपासूनच असणार," डॉक्टर म्हणाले. "प्रेसच्या आवाजात कळत नव्हती. शांत जागी जास्त जाणवते." आणि फी घेतली. फोरमनने उतारा म्हणून रेडिओ लावला, तर कुंडीवाले गृहस्थ अगदी सौम्यपणे दारात उभे. त्यांच्याबरोबर गच्चीवाल्या बाई. रेडिओ नको, आणि वहिनींचं मशीनही अकरा ते चार एवढंच चालवा, असं गल्लीचं म्हणणं पडलं. हल्ली फोरमन सुटीच्या दिवशीही कारखान्यात जाऊन चालू प्रेसशेजारी पेपर वाचत बसतो. तिथे शिट्टी दबते, म्हणतो.

कोपऱ्यावरचा गाळा दुसऱ्या एका टेलरने घेतला. चांगला चालतो. काम आवरेना म्हणून तो कॉलर शिवायला बाहेर देतो. फोरमनची बायको त्या शिवते, अकरा ते चार, नगावर. गिऱ्हाइकाकडून तो काय घेतो ते तिला ठाऊक आहे. तिला त्यातला पाचवा हिस्साही येत नाही.

तर एकूण असं. ग्रंथपालबाईंना चार लाख जास्त मिळाले. भावाला दोन्हीकडून मिळून सोळा हजार जास्त. डॉक्टरांना दोन तपासण्या. गल्लीला वेळ घालवायला एक विषय, तो फुकट. टेलरला गाळा आणि स्वस्तातली कारागीर. फोरमनला शांतता मिळाली, ती त्याला सोसवत नाही. आणि चार लाख आठ हजार भरले शिवणाऱ्या बाईने, एकटीने, त्यातले आठ हजार सख्ख्या भावाला, रोख.