आबांचा फारम

"आरं, ही मशीन मलाच नाव काय म्हणून इचारती! सगळ्या शेळगावाला ठावं हाय."

"तिला न्हाय ठावं, आबा," आबांचं आधारकार्ड समोर ठेवून मोबाईलवर फारम उघडत मुबीन म्हणाला.

पत्र्याचं दुकान उन्हानं कडकड वाजत होतं. शाळांच्या बाकांचं सरकारी टेंडर निघालेलं, एकशेवीस बाक. ते भरायचं तर आधी दुकानाची नोंदणी पाहिजे. भीमाआबांनी चाळीस वर्षं उसाच्या ट्रॉल्या बांधल्या, पण नोंदणी कशाशी खातात हे काही त्यांना माहीत नाही. म्हणून ते मुबीनकडं आले. मुबीन त्यांच्याच हाताखाली वेल्डिंग शिकला, आणि आता भवानीनगरच्या रस्त्याला त्याचं स्वतःचं दुकान होतं.

रकाना: अनुभव

मुबीनचं बोट अडलं. गेल्या साली स्वतःचा हाच रकाना भरताना त्यानं आबांचं पत्र जोडलं होतं. 'मुबीन माझ्याकडे अकरा वर्षे कामास होता. भरवशाचा आहे.' पेन चालेना म्हणून आबांनी ते दोनदा झटकलं होतं.

"लिव्ह, चाळीस साल. आन् बाक मी चार हजाराला देनार. पाईप सोताच वाकिवतो, मला कुठं गडी लागतोय?"

मुबीनचा दर पाच हजार. तोही टेंडर भरणार होता, आणि ते आबांना ठाऊक होतं.

"दोघंबी भरू," आबा म्हणाले. "कुनालाबी मिळू दे. घरातच ऱ्हातंय."

रकाना: व्यवसायाचा प्रकार. उत्पादन / सेवा

टेंडरला उत्पादन लागत होतं.

मुबीननं सेवा दाबलं.

(ट्रॉल्या दुरुस्त करतातच की आबा. खोटं काय त्यात?)

खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत म्हणतात. ह्यानं मोजले नाहीत, उपसले.

"झालं व्हय रं?"

"झालं, आबा."

"लई हुशार निघालास. मी तर तुला हातोडाच शिकिवला."

रकाना: निकाल

असा रकाना फारमात नव्हता. आबांचा कागद पहिल्याच चाळणीत बाद झाला. काम मुबीनला मिळालं, मुदत एका महिन्याची. हात कमी पडायला लागले, तेवढ्यात आबांची बायको रंगूबाई फोनवर कडाडली, "आरं मुबीन, ह्यो बाबा घरी बसून माझं डोस्कं खातोय. तुझ्याकडं घे, न्हायतर मीच येते पाईप वाकवाया!"

दुसऱ्या दिवशी आबा हजर. पाईप मांडीला टेकवून वाकवू लागले. मुबीन समोर उभा.

"आबा, तुमचा तो फारम..."

"ठावं हाय. हापिसात जाऊन आलो. तिथली पोरगी म्हनली, फारम भरनाऱ्यानं चुकीचं भरलंय."

मुबीननं हातातला पाईप खाली ठेवला.

"मी झाडलीच तिला. म्हनलं, बाई, भरनारा माझ्या हाताखालचा हाय. त्यो चुकत न्हाय. तुमची मशीनच येडी." आबांनी पाईप उलटा केला. "पुढल्या साली बी तूच भर. दुसऱ्याच्या हातात म्या आधारकार्ड द्येनार न्हाय."

सांगायचं ते ओठापर्यंत आलं होतं.

"व्हय, आबा," मुबीन म्हणाला आणि त्यानं पुढचा पाईप त्यांच्या हातात दिला.