पाहिलं का तुम्ही?

टेलरबाईंची जीभ त्यांच्या कात्रीहून धारदार, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. नवरा गेल्यावर दुकान त्यांनी एकटीनं चालवलं, आणि ते चाललं यात शेजारच्या पाववाल्याचा मोठा हात होता. दुकान बंद असलं की तो गिऱ्हाइकांचे कपडे सांभाळून ठेवायचा. आजारपणात पाव घरी आणून द्यायचा. 'ताई' म्हणायचा, ते तोंडदेखलं नव्हे.

पाववाला मूळचा नदीपलीकडचा. इतकी वर्षं हे कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. पण निवडणूक तोंडावर आली आणि फोनवर रोज काहीबाही यायला लागलं. नदीपलीकडचे असे, नदीपलीकडचे तसे. टेलरबाईंनीही एक निरोप 'अगं बाई!' करत पुढे पाठवला, तशी लेकीनं फोनच काढून घेतला.

"आई, हे पाहिलं कुणी?"

"मला काय माहीत? आलंय म्हणून..."

"येईल काहीही. पाहिलं कुणी, ते आधी विचार. उत्तर नसेल तर पुढे ढकलायचं नाही."

झालं! बाईंना चळच लागला. मापं घेता घेता कुणी नदीपलीकडच्यांचा विषय काढला रे काढला, की यांचं सुरू: "पाहिलं का तुम्ही? स्वतःच्या डोळ्यांनी?"

"नाही, पण म्हणतात..."

"मग म्हणू देत. हात वर करा, छाती मोजायचीय."

गल्लीत तो परवलीचा शब्दच होऊन बसला. पाववाला हल्ली शटर अर्धंच उघडायचा, पण हे ऐकून त्यालाही हसू यायचं. "ताई, तुम्ही आहात म्हणून धीर आहे," म्हणायचा.

एका दुपारी त्याच्या दारात टेम्पोतून पोती उतरत होती. बाई बटणं लावत बसल्या होत्या. समोरचा लाँड्रीवाला बाही उसवलेला शर्ट घेऊन आला आणि बाईंना लहर आली.

"आली बरं का पांढरी पावडर! आता आपलं कुणाचं काही खरं नाही!"

बाई पोट धरून हसल्या. पिठानं माखलेला पाववाला हसला, लाँड्रीवालाही हसला. मेली जीभ!

दुसऱ्या दिवशी निरोप फिरला: 'पाववाल्याकडे पांढऱ्या पावडरची पोती उतरली. शेजारच्या टेलरबाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली.' हसणं तेवढं वाटेत गळलं होतं.

बाई पायात चप्पलही न घालता बाहेर धावल्या. माणसं जमलेली, लाँड्रीवाला सगळ्यांत पुढे. पाववाला शटरला पाठ लावून उभा.

"अहो, गंमत केली मी! पीठ होतं ते! पाव काय सिमेंटचे करतात?"

"पाहिलं का तुम्ही?" लाँड्रीवाल्यानं विचारलं. चेष्टेनं नव्हे, अगदी मनापासून. "पोतं उघडून पाहिलं?"

शिवलेलं पोतं कोण कशाला उघडून बघेल? 'हो, पाहिलं', एवढंच खोटं बोलायचं होतं. पण बाईंच्या तोंडून निघून गेलं, "नाही, पण..."

"पण म्हणतात!" मागून कुणीतरी वाक्य पुरं केलं. हशा पिकला.

मग शटर वाकवलं गेलं, पोती फाडली गेली. रस्ता पांढरा झाला.

"घ्या, बघा आता!" बाई जीव तोडून ओरडल्या. त्यांनी मूठभर पीठ उचलून तोंडात कोंबलं. "पीठ आहे! तुम्हीही खाऊन बघा!"

कुणीही वाकलं नाही. लाँड्रीवाल्यानं त्या पांढऱ्या रस्त्याचा फोटो काढला. "आता आम्हीही पाहिलं," तो म्हणाला, आणि फोटो तिथूनच पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी पाववाल्यानं बायकोपोरांना टेम्पोत बसवलं. बाई दारात उभ्या होत्या. तो जवळ आला आणि बाईंच्या दुकानाची जादा किल्ली, जी इतकी वर्षं त्याच्याकडे असायची, त्यानं त्यांच्या हातावर ठेवली.

"येतो, टेलरबाई," तो म्हणाला.

सबंध गल्लीत ताई म्हणणारा तो एकटाच होता.