विष्णूजींचा खोकला

चेरीताल मोहल्ल्यातल्या घरात वडिलांच्या खाटेशेजारी ऑक्सिजनचं मशीन दिवसभर घरघरत असायचं. आधी अंबरीशला त्या आवाजाचा वैताग यायचा. मग एका दुपारी त्याने सॅक्सोफोन काढला आणि मशीनच्याच सुरात सूर मिळवून बसला. लांब, संथ सूर, मधेच जॅझची एखादी वेडीवाकडी तान. फॅक्टरीतून रिटायर झालेल्या वडिलांनी, विष्णूजींनी, लग्नाच्या बँडपलीकडे हे वाद्य कधी ऐकलं नव्हतं. पण म्हणाले, "वाजव, वाजव. श्वास घ्यायला सोपं जाऊन राहिलं."

अशा कितीतरी दुपारी वेदांगने रेकॉर्ड केल्या. कॉलेजपासूनचा दोस्त, कॉम्प्युटरवर आवाजांचे थर चढवण्यात पटाईत. "आपल्या दोघांचा अल्बम," तो म्हणायचा. विष्णूजी गेले तेव्हा खांदाही दिला त्याने.

वर्षभराने सदर बाजारातल्या एका कॅफेत वेदांगचा कार्यक्रम लागला. अंबरीशला ते पोस्टरवरून कळलं. "गडबडीत राहिलं असेल सांगायचं," असं आईची समजूत घालत तो तिला घेऊन गेला.

दिवे मंद झाले. स्पीकरमधून तीच घरघर आली, मग खोकला. इंदिराबाईंनी लेकाचं मनगट धरलं. "अरे, हे तर तुझे बाबा!"

त्यावर सॅक्सोफोन सुरू झाला. सूर अंबरीशचे, तानही त्याचीच. वाजवणारा मात्र मुंबईहून आलेला कोणी दुसराच होता.

कार्यक्रम संपल्यावर अंबरीशने वेदांगला गाठलं. "असं काहून केलंस?"

"यार, नाम चाहिए होता है. तुला कोण ओळखतं? आभारात टाकतो ना तुझं नाव."

"आणि बाबा?"

"वो तो टेक्सचर है, भाई. बस, पीछे की आवाज."

इंदिराबाई पुढे झाल्या. "माझ्या हातचं जेवून त्या खाटेपाशी बसायचास तू. त्यांना विचारलं होतंस?"

वेदांगची मान खाली गेली. "काकू, वाईट वाटत असेल तर काढून टाकतो."

शब्दाला जागला तो. अल्बम निघाला तेव्हा त्यात मशीन होतं, अंबरीशचे सूर होते, खोकला तेवढा सफाईने कापला होता. मूळ रेकॉर्डिंग मागायला अंबरीशने कितीदा तरी फोन केला. वेदांगने उचललाच नाही.

"येतात का रे बाबा ऐकू?" आईने विचारलं.

अल्बम संपला तसे अंबरीशने कानातले हेडफोन काढले. "नाही, आई."