मुदतीचा रकाना

मी एक नोंदवही आहे. जाड पुठ्ठ्याची, पक्क्या शिवणीची आणि स्वभावाने जरा काटेकोर. माझा जन्म औषधांच्या दुकानासाठी झाला. माझ्या प्रत्येक पानावर चार रकाने छापलेले आहेत: नाव, तारीख, मात्रा आणि मुदत. कथा-कवितांसाठी मला कोणी बनवलेलं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवते.

दुकानात माझ्यावर एक अक्षरही पडलं नाही. तिथे संगणक आला आणि मी कपाटावर धूळ खात पडले. पस्तीस वर्षं तिथे औषधं देणाऱ्या बाई निवृत्त झाल्या, तेव्हा मालकांनी विचारलं, "बाई, आठवण म्हणून काय देऊ?" बाईंनी वर बोट दाखवलं. "ती वही द्या. उगाच वाया चाललीय."

घरी आल्यावर त्यांनी पहिल्याच पानावर, नावाच्या रकान्यात, एका कादंबरीचं नाव लिहिलं. हसावं की रडावं, मला कळेना.

बाई पुस्तकवेड्या होत्या. वाचनालयातून आठवड्याला दोन पुस्तकं यायची आणि वाचून झाली की माझ्यात नोंद व्हायची. हात मात्र औषधांच्या दुकानातलाच राहिला. एका रहस्यकथेपुढे त्यांनी लिहिलं, "एका बैठकीत घ्यावी. खुनी चाळिसाव्या पानावर ओळखला, तरी खाली ठेवली नाही. मुदत: आठ दिवस." मधमाश्यांवरच्या जाडजूड पुस्तकापुढे, "रोज पाच पानं. दुपारी नको, झोप येते. राणीमाशीची कीव आली. मुदत: दोन वर्षं." कवितांपुढे, "दिवसाला एकच. दोन घेतल्या तर पहिलीचा गुण जातो." आणि एका बड्या माणसाच्या आत्मचरित्रापुढे, "पहिल्या पानापासून स्वतःचीच टिमकी. मुदत: उघडण्यापूर्वीच संपलेली."

मुदत म्हणजे पुस्तक मनात किती टिकेल, याचा बाईंचा अंदाज. तो त्या तपासायच्याही. महिन्याच्या पहिल्या रविवारी मागची पानं उलटून काय उरलं, काय पुसलं गेलं, ते बघायच्या. मुदत उलटलेली गोळी त्यांच्या हातून कधी गिऱ्हाइकाकडे गेली नव्हती. ती सवय अंगात मुरलेली.

त्यांचे यजमान आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करत आले. ते पुस्तकं वाचायचे नाहीत, मला वाचायचे. सकाळी चहाचा कप हातात घेऊन म्हणायचे, "सगळा अर्क तू इथे उतरवतेसच. मग चारशे पानं कशाला चाळायची?" बाई म्हणायच्या, "अर्कावर कुणाचं पोट भरत नाही हो."

मग ते पुस्तक आलं. दीपगृहाच्या रखवालदाराच्या मुलीने लिहिलेल्या आठवणी. बाईंनी लिहिलं, "बाप अंथरुणाला खिळल्यावर नऊ वर्षांची पोर अकरा दिवस एकटीने दिवा सांभाळते आणि त्याबद्दल स्वतःचं एका शब्दाने कौतुक करत नाही. वाचून नुसती बसून राहिले. भाजी करपली. मुदत: जन्मभर." हा शब्द माझ्यात पहिल्यांदाच उमटला होता. मला त्याचा अभिमान वाटला.

अडीच महिन्यांनी नावाच्या रकान्यात तेच नाव पुन्हा आलं. वाटलं, आवडलं म्हणून पुन्हा वाचलं असेल. पण पुढे बाईंनी लिहिलं, "ही लेखिका आजवर माझ्या हातून कशी काय सुटली?" पोर, दिवा, अकरा दिवस, सगळं नव्याने. आणि मुदत: जन्मभर. मी हादरले. मागची नोंद माझ्याच पोटात होती आणि ती दाखवायला मला तोंड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी यजमानांनी ते वाचलं. त्यांचा चहा गार झाला. त्यांनी हत्यारांच्या पेटीतून एक मोठा चिमटा काढला आणि माझी मागची सगळी पानं एकत्र दाबून टाकली.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"पानं सुटतायत. एकदा शिवून आणतो."

माझं एकही पान सुटत नव्हतं. पण त्या खोट्याचा मला राग आला नाही.

त्यांची मुलगी भेटायला आली, तेव्हा यजमानांनी तिला सगळं सांगितलं. बाई आत होत्या. मुलगी हळू आवाजात म्हणाली, "बाबा, वही लपवून ठेवा. आईने मागचं पाहिलं तर खचून जाईल. आणि ते पुस्तकही तिच्या हाती लागू देऊ नका."

"पुस्तक वाचताना तिचा चेहरा बघितलायस? ते कसं काढून घेऊ?"

"आणि तिला कळलं म्हणजे?"

त्यांनी चिमटा घट्ट बसलाय ना, तेवढं पाहिलं. पण मला लपवलं नाही.

पानं सुटतील म्हणून बाईंनी काही महिने मागचं उघडलं नाही, आणि तिसरी नोंद झाली. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी यजमान दूध आणायला गेले होते. बाईंनी चिमटा काढला. मला मिटून जावंसं वाटत होतं. त्या एकेक पान मागे जात राहिल्या. पहिल्या नोंदीवर थांबल्या. मग तिन्ही नोंदींच्या तारखांवर बोट ठेवून पुन्हा पुन्हा पाहिलं, डॉक्टरांची चिठ्ठी पडताळून पाहावी तसं. यजमान दारातून आत आले, तेव्हा त्या तशाच बसल्या होत्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"दुसऱ्या नोंदीपासून."

बाईंनी पहिल्या नोंदीचं पान चिमटीत धरलं. वाटलं, आता पानं फाडणार. मग त्या म्हणाल्या, "तुम्ही वाचलंत का हे पुस्तक?"

"मी कुठला वाचतोय."

"वाचा मग. तीनदा जन्मभर लिहिलंय मी. काहीतरी असेलच त्यात."

त्यांनी पेन उचललं. तिसऱ्या नोंदीखाली, बाटल्यांवर चिठ्ठ्या लिहायच्या त्या जुन्या ठसठशीत अक्षरात लिहिलं, "मागेल तेव्हा द्यावं. आधी वाचलंय, हे सांगू नये." खाली सही केली, तारीख घातली. आणि चिमटा स्वतःच पुन्हा लावला.

त्याला आता दोन वर्षं झाली. यजमानांनी त्या पुस्तकाची एक प्रत विकत आणून कपाटात ठेवली आहे. माझ्या कडा मऊ पडल्या आहेत, शेवटची चार पानं कोरी आहेत. बाईंचं अक्षर रकाना सोडून भटकतं, वाक्यं मध्येच थांबतात. उद्या कधी मी तुमच्या हाती आले, तर एकच नाव इतक्यांदा पाहून हसू नका. ती चूकही समजू नका. दर वेळी त्या बाईंनी ते मनापासून लिहिलेलं आहे, मी साक्षीला होते.

गेल्या आठवड्यात यजमानांनी माझ्यात पहिल्यांदाच लिहिलं. अक्षर म्हणजे लोखंडाच्या तारा वाकवल्यासारखं. "मला तीन महिने लागले. दिवा विझला नाही. मुदत: ती म्हणते तीच."

काल बाईंनी ती नोंद वाचली. दोनदा वाचली.

"हे कोणी लिहिलंय हो? अक्षर भयंकर आहे. पण पुस्तक चांगलं दिसतंय. मिळेल का कुठे?"

यजमान उठले. कपाट उघडून त्यांनी ते पुस्तक काढलं, बाईंच्या हातात दिलं, आणि काहीही सांगितलं नाही.