एक्सलवरची चार बोटं

खाणीवरच्या टिपरच्या ड्रायव्हरला सगळे काटा म्हणत. गाडीत दगड पडत असताना तो मागच्या चाकाशी उकिडवा बसायचा, एक्सल आणि त्यावरचा रबरी ठोकळा यांच्या फटीत बोटं घालायचा आणि चार बोटं आडवी घट्ट बसली की हात वर करायचा. म्हणजे पाच टन. पुढे खऱ्या वजनकाट्यावर फार तर दहा-वीस किलोचा फरक निघायचा. लोडरच्या किती बादल्या पडल्या, हे त्याने कधी मोजलंच नाही.

त्याचा धाकटा भाऊ तिथलाच मेकॅनिक. त्याचं नाव साडेनऊ, कारण उजव्या हाताची करंगळी अर्धीच होती. अकरा वर्षांपूर्वी तो याच गाडीखाली शिरला होता, जॅक दादाच्या हातात होता, तो निसटला. त्याच आठवड्यात मालक गाडीची चावी धाकट्याला देणार होता. बोट बरं होईपर्यंत म्हणून ती दादाकडे गेली आणि तिथेच राहिली. याबद्दल साडेनऊची तक्रार नव्हती, जॅक कुणाच्याही हातून निसटतो. पण बोटाची पट्टी सुटायच्या आत दादाने ते नाव पाडलं आणि पुढे धाकट्याच्या सासऱ्यासमोरसुद्धा त्याला त्याच नावाने हाक मारली. हे मात्र साडेनऊने अकरा वर्षं पोटात ठेवलं होतं.

मागचे पाटे, म्हणजे गाडीचं वजन पेलणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या, बदलायचा हट्ट दादाचाच. भरलेली गाडी खड्ड्यात आदळली की एक्सल रबरावर बसायचा आणि दादाची कंबर बोंबलायची. शेवटी मालकाने होकार दिला. साडेनऊने दोन दिवस खपून जुने पाटे उतरवले, जाड पाटे चढवले, दोन जास्तीचे घातले, यू-बोल्ट, बुश, शॉकअॅब सगळं नवं. त्याचं काम देखणं असतं, हे त्याचा वैरीही कबूल करील. मग दादा जेवायला गेलेला बघून त्याने गाडी वजनकाट्यावर नेली, मोजून पाच टन ठेवले आणि फटीत बोटं घातली. सहा बसली.

दादा काही बावळट नव्हता. चावी हातात घेताच त्याने विचारलं, "पाटे कडक झालेत. आता बोटं किती धरायची रे?"

"चारच," साडेनऊ म्हणाला. "पाटे टांगायचे शॅकल लांब घातलेत, गाडी तेवढीच खाली बसते. हिशोब तोच."

चार बोटं म्हणजे आता आठ टन. सपाट रस्त्यावर ते खपून गेलं असतं. पण खाणीतून वर यायचा चढ उभा होता. तिथे मागे फाजील वजन असलं की पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग नुसतं फिरतं, आणि चारही चाकं ओढणारी गाडीसुद्धा आली तशी उलटी खाली जाते. अशी एक गेली होती. तिच्या ड्रायव्हरला आता त्याची बायको घास भरवते. दादा मरावा असं साडेनऊला वाटत नव्हतं. गाडी अडावी, लोकांनी हसावं, मालकाने चावी काढून घ्यावी, बस एवढंच हवं, असं तो स्वतःला समजावत होता, आणि ते त्याचं त्यालाच पटत नव्हतं.

सकाळी मालक स्वतः खाणीत आला. "पहिली खेप आहे. ज्याने पाटे बसवले त्यालाही बसव शेजारी," तो दादाला म्हणाला.

नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागणार. साडेनऊ मुकाट्याने केबिनमध्ये चढला.

दगड पडू लागले. आरशात दादा उकिडवा बसलेला दिसत होता. लोडरवाल्याने डोकं बाहेर काढलं. "काटा, आज फार होतंय रे."

साडेनऊच्या जिभेवर खरं आलं होतं. तेवढ्यात दादा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माझ्या भावाने मोजलंय. बोटं कमी आहेत बिचाऱ्याची, पण चारपर्यंत येतं त्याला."

सगळे हसले. मालक सगळ्यांत जोरात हसला. साडेनऊने तोंड मिटलं आणि आणखी दोन बादल्या पडू दिल्या.

चढाच्या पायथ्याशी दादाने चारही चाकांचा दांडा ओढला. बॉनेट वर उचललं गेलं आणि काचेत नुसतं आभाळ राहिलं.

"दादा, थांब. मी खोटं बोललो. सहा बोटं."

दादाने ब्रेक दाबला, गाडी मागे सपाटीवर घेतली, इंजिन बंद केलं. तो ओरडला नाही.

"भरताना ठाऊक होतं तुला?"

"हो."

"आणि आत्ता का बोललास? मी मरेन म्हणून, की तू शेजारी आहेस म्हणून?"

साडेनऊने दाराच्या कडीला हात घातला.

"उतर," दादा म्हणाला.

खाली उतरून त्याने भावाचा पराक्रम सगळ्यांना सांगितला. मालक म्हणाला, "तुझा भाऊ, तुझा न्याय." मागचा टप उचलून सगळा दगड ओतायचा दांडा दादाच्या केबिनमध्येच होता. त्याला त्याने हात लावला नाही. त्याने फावडं आणलं आणि साडेनऊच्या पायाशी टाकलं.

"तीन टन. हाताने काढ."

दुपारपर्यंत साडेनऊच्या तळव्यांची सालं निघाली. मध्येच दादा बोट वाकवून खाली बोलवायचा. मग साडेनऊने चाकाशी बसायचं, स्वतःच्या दोन्ही हातांची बोटं फटीत घालायची आणि मोठ्याने आकडा सांगायचा. पाच म्हटल्यावर लोक टाळ्या वाजवायचे. सहा म्हणायला तीन वाजले.

तेव्हा दादा त्याच्याजवळ उकिडवा बसला आणि फक्त त्यालाच ऐकू येईल इतकं हळू बोलला. "तू खरं सांगितलंस, मग मीही सांगतो. त्या दिवशी जॅक निसटला नव्हता. चावी तुला मिळणार होती ना."

एवढं बोलून तो उठला, पँट झटकली आणि केबिनमध्ये चढला. गाडी चढाला लागली. पुढची चाकं जमीन धरून होती, मागचे पाटे एकदाही कुरकुरले नाहीत. बघता बघता ती वर पोचली.

"काही म्हण, काम मात्र झकास केलंस, साडेनऊ," मालक म्हणाला.

साडेनऊने मान हलवली आणि रस्त्यात पडलेला तीन टन दगड बाजूला ओढायला घेतला.